चीक आटेपर्यंत

कार्तिक वद्य ५, शके १७८५. उमरावती.

पोचलो एकदाचे! आगगाडी जिथवर येते तिथवर आगगाडीने, पुढे बैलगाडीने. हाडांचा खुळखुळा झाला आहे, पण मन हरखलं आहे. अकोल्यापासून सगळ्या रस्त्याने कापसाच्या गाड्या. त्यांच्यात आमची गाडी अडकली की वाटे, आता आपल्यालाही कुणीतरी काट्यावर चढवणार. अमेरिकेत कुठे लढाई जुंपली आहे म्हणून विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा, आणि कापूस पारखायला माणूस हवा म्हणून वाईहून इकडची स्वारी. चिमूटभर कापूस बोटांत धरायचा, तंतू ओढून पाहायचा आणि माल कसा ते सांगायचं. मी विचारलं, बायको पारखताना एवढा वेळ घेतला होता का? त्यावर नुसतं हसणं झालं.

ही वही इकडूनच मिळाली. मला लिहायला शिकवलं ते वाया जाऊ नये म्हणून चार ओळी लिहीत जायच्या आणि महिन्याने शुद्धलेखन तपासायला द्यायची. जीभ अडली की हात लिहितो, असं इकडचं म्हणणं. माझी जीभ अडल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही, ते सोडा.

निघताना मात्र फजिती झाली. सासूबाईंच्या पाया पडले आणि 'जाते' म्हणून बसले. सासूबाईंनी तिथेच थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. जा म्हणू नये, जाते म्हणू नये. आपण 'येते' म्हणावं आणि घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला 'ये' म्हणावं. एवढी घोडी झाली तरी सांगावं लागतं, म्हणाल्या. आता जन्मात विसरायची नाही.

पौष शुद्ध ११.

घर लहानच. दोन खोल्या, ओसरी, मागे अंगण. अंगणातली माती काळीभोर. वाळली की हात जाईल एवढ्या भेगा, भिजली की पाय सोडत नाही. हवेत सगळीकडे कापसाची पिंज. वरणात पिंज, अंथरुणात पिंज, इकडच्या मिशीत तर कायमची. भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचं घर आहे. त्यांची खुर्शीदबी भिंतीवरून माझ्याशी बोलते, अर्धं मराठी, अर्धं मुसलमानी. मला दोन्ही कळलं नाही की आम्ही दोघी हसतो.

आता लिहायला हरकत नाही, मला आठवा लागला आहे. सासूबाई माघात यायच्या होत्या, पण त्यांचा पाय मोडला, म्हणून इथलीच सुईण ठरवली. गंगूबाई तिचं नाव. हात मऊ, बोलणं मात्र लाकूड फोडल्यासारखं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काहून इतकी वाळली वो माय? खाऊन नाही राहिली काय?" आणि निघताना म्हणते, "जातो मी." बाईमाणूस असून पुरुषासारखं 'जातो', आणि वर 'येते' म्हणायचं नावच नाही! सासूबाईंनी तिला दहा वेळा उंबऱ्यावरून परत बोलावलं असतं.

मला अंगणात चाफा हवा आहे. पांढरा, पोटात पिवळा, वाईला घाटावर आहे तसा. गंगूबाईला झाडांचंही कळतं. तिने सांगितलं, चाफ्याची फांदीच लावतात. पानं झडलेली असताना हातभर कापायची. कापली की पांढरा चीक गळतो, तो गळू द्यायचा. मग आठ-दहा दिवस सावलीत ठेवायची म्हणजे जखम खपली धरते. काळ्या मातीत लावायची नाही, नाल्याच्या रेतीत लावायची, आणि पान फुटेपर्यंत पाण्याचा थेंब घालायचा नाही. ओल्या जखमेची फांदी सडते. मी सगळं पाठ केलं.

पण चाफा जवळपास कुठे? तर परकोटाबाहेर नाल्याकाठी एकच आहे, आणि त्याला कुणी हात लावत नाही. ते लेकरांचं झाड. बारशाआधीच जी संपतात त्यांना त्याच्याखाली ठेवतात. मी पोटावर पदर घेतला आणि दुसरंच काही विचारलं.

फाल्गुन शुद्ध ३.

मुलगा! पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल, ते तपासू नये. काळंभोर जावळ, आणि अधाशी किती! गंगूबाईने पहिलं घट्ट पिवळं दूध त्याला पाजायला लावलं. चीक वाया घालू नोको, म्हणाली. गाईच्या पहिल्या दुधासारखं बाईच्या दुधालाही ती चीकच म्हणते. पिताना चुटचुट असा आवाज करतो. इकडची स्वारी दाराबाहेर उभी राहून तो आवाज ऐकते आणि कामावर जायला उशीर करते. नाव ठरलं आहे, चिंतामणी. बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही, पण मी त्याला चिंतू म्हणून टाकलं.

फाल्गुन शुद्ध १०.

दुपारपासून पीत नाही. तोंडच उघडत नाही. जबडा आवळला आहे. दूध पिळून ओठांवर सोडते, ते गालावरून ओघळतं. गंगूबाईने पाहिलं आणि माझ्याकडे न बघता पाणी तापवायला गेली.

फाल्गुन शुद्ध १४.

आज बारसं व्हायचं होतं. काल गेला.

इकडून उपरण्यात गुंडाळून घेणं झालं. गंगूबाईने मला धरून उंबऱ्याशी उभं केलं. या मुलखाची रीत आहे, आईने एकदा 'जा' म्हणायचं, म्हणजे लेकराची वाट मोकळी होते. मी तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "ये हं बाळा". घराबाहेर निघालेल्याला मी आणखी काय म्हणणार? गंगूबाईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. इकडची स्वारी नाल्याकडे गेली आणि रिकाम्या हातांनी आली.

चोळी भिजत होती माझी, आणि तो भुकेला गेला. दुसरं काही सुचत नाही.

फाल्गुन वद्य ८.

दूध थांबत नाही. छाती दगड झाली आहे. गंगूबाई रोज मोगऱ्याच्या कळ्या आणून छातीवर बांधते, त्याने दूध आटतं. आज तिने तिसऱ्यांदा बांधल्या. ती गेली की मी सोडून टाकते. हे आटलं की त्याचं माझ्यापाशी काहीच उरत नाही. नाव नाही, कपडा नाही, तोही त्याच्याबरोबर गेला. एवढं दूधच आहे.

चैत्र शुद्ध १, शके १७८६.

आजपासून रक्ताक्षी नाम संवत्सर. आम्ही गुढी उभारली नाही. इकडून विचारणं झालं की तुला काय आणू? मी म्हटलं, त्याच्या उशाशी आहे त्या चाफ्याची फांदी. मग पागोटं घालून बाहेर जाणं झालं, आणि दिवस मावळायच्या आत फांदी आली. तिला एकही पान नाही. हातभर लांब, बाळाच्या दंडाएवढी जाड. बाराबंदीवर चिकाचे डाग पडले होते, ते धुऊन निघाले नाहीत.

गंगूबाईने फांदी पाहिली आणि हात जोडले. परत नेऊन ठेवायला सांगू लागली. मी रडून आकांत केला तेव्हा म्हणाली, "मंग येवढं तरी ऐक. चीक आटल्याबिगर मातीत लावजो नोको माय." मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पौषातच शिकवलंस. ती फांदीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, माझी दया येते आहे. उद्या ती अकोटला लेकीच्या बाळंतपणाला जाणार आहे.

चैत्र शुद्ध ११.

फांदी लावली. दहा दिवस ओसरीच्या कोपऱ्यात उभी होती. कापलेल्या जागी पांढरी खपली आली आहे. बोट लावून पाहिलं, चिकटत नाही. चीक आटला. फुटक्या रांजणाच्या बुडात नाल्याची रेती भरली आणि मधोमध उभी केली. रेती थोपटायला वाकले तेव्हा माझ्या चोळीतून दोन-चार थेंब खाली पडले. पुसायला पदर पुढे केला तर रेती कोरडी.

आज बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

चैत्र वद्य ७.

लावून आज बारावा दिवस. शेंड्याला पान आलं आहे! मिटलेल्या मुठीसारखं, अजून उघडलं नाही. इकडची स्वारी म्हणते, इतक्या लवकर फुटणं शक्य नाही. शक्य नाही तर नाही, आलं आहे.

एक गोष्ट केली, ती इकडे सांगणार नाही. बारावा दिवस म्हणून शेंड्याशी तोंड नेऊन कुर्र केलं आणि नाव सांगितलं. आत्याने करायचं ते आईने केलं. चिंतामणी. पान हललं. वारा नव्हता.

वैशाख वद्य २.

वही आता शुद्धलेखनाला देत नाही. लुगड्यांच्या घडीत ठेवते.

रोज दुपारी, त्याच्या पिण्याच्या वेळेला, छाती भरून येते. रांजणाशी बसते. आधी वाटीत काढून घालत होते. आता वाटी लागत नाही. चुटचुट आवाज येतो. मी डोळे मिटून बसते आणि मला इतकं सुख होतं की लिहिता येत नाही. मला वेड लागलं असेल तर लागू दे, असंही मनात येऊन गेलं.

पण आज खुर्शीदबीने भिंतीवरून विचारलं, किसका बच्चा है बाई, कबसे रो रा, दूध पिलाव ना. तिलाही ऐकू येतं. म्हणजे मला वेड लागलेलं नाही. मी इतकी हसले की ती बिचारी घाबरून खाली उतरली.

ज्येष्ठ शुद्ध ४.

गंगूबाई अकोटहून आली. मला पाहून दारातच थबकली. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, केस मुठीने जातात, हे मला दिसत होतं. पण तिच्या तोंडावर पाहिलं तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तिने रांजण पाहिला. झाड कमरेएवढं झालं आहे. तिने विचारलं, चीक आटला होता काय? मी सांगितलं, आटला होता, खपली धरली होती, हात लावून पाहिलं होतं.

ती कपाळावर हात मारून ओरडली, "झाडाचा नाही वो माय! तुहा! तुहा चीक आटला होता काय?"

मग सगळं सांगितलं. अंगावर दूध असलेल्या बाईने त्या झाडाची फांदी लावायची नसते. भुकेलं गेलेलं लेकरू दुधाच्या वासाने मागे फिरतं. आणि मी तर त्याला उंबऱ्यावरच 'ये' म्हटलं होतं.

मला तेव्हा कळलं नव्हतं. वहीत खोटं लिहीत नाही, खरंच कळलं नव्हतं. पण कळलं असतं तरी मी लावली असती.

ज्येष्ठ शुद्ध ७.

शेंडा फुटला. कालपर्यंत एक होता, आज पाच आहेत. प्रत्येकाला मिटलेली मूठ. दुपारी बसले तर पाचही माझ्याकडे. एकाने सोडलं की दुसरा. उठता येईना. खुर्शीदबी म्हणते, आज बहुत बच्चे रोये.

गंगूबाईला विचारलं, पाच कसे? ती म्हणाली, त्या झाडाखाली तुझा एकटाच आहे काय? "म्या माह्या हातानं एकोणीस ठेवले तिथं." सगळे बारशाआधीचे. कुणालाच नाव नाही, म्हणून एकाला हाक मारली की सगळे येतात.

ज्येष्ठ शुद्ध ९.

चिंतू यातला कोणता?

रोज एकेका शेंड्याशी नाव घेऊन पाहते. सगळे हलतात. मी त्याला दहाच दिवस पाहिलं होतं. आई असून ओळखता येत नाही. याची लाज वाटते, भीतीपेक्षा लाज जास्त.

दूध पातळ झालं आहे. काल त्यात लाल धागा होता.

ज्येष्ठ शुद्ध १२.

आज इकडून सगळं पाहणं झालं. कामावरून भर दुपारी परत येणं झालं आणि मी रांजणाशी — पाहताच विळा घेतला आणि एका शेंड्यावर घाव घातला. चीक उडाला. मी किंचाळले. घाव झाडावर, आणि माझी छाती फाटल्यासारखी — लुगडं रक्ताने भिजलं. विळा टाकून मला उचलून आत नेणं झालं.

तुटल्या जागी तीन नवे फुटले आहेत. सात झाले.

इकडची स्वारी माझ्या पायांशी बसून रडली. ती फांदी मीच घेऊन आलो, म्हणाली. एकाला या हातांवर नाल्याला नेलं, आता तुला नेववणार नाही. मी इकडच्या मिशीतली पिंज काढली. किती दिवसांनी काढली.

मला जगायचं आहे. आज पहिल्यांदा कळलं, मला जगायचं आहे. इकडच्यासाठी तरी.

ज्येष्ठ वद्य १.

गंगूबाईने उपाय सांगितला. पहिलं फूल उमलायच्या आत, उमललं की पाजणारी वाचत नाही. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आईनेच त्याला 'जा' म्हणायचं, नाव घेऊन, एकदाच, स्पष्ट. मग झाड आपण होऊन रेती सोडतं. ते उचलून नाल्याकाठी ठेवायचं आणि मागे न बघता यायचं. 'ये' म्हणून बोलावलं आहे, 'जा' म्हटल्याशिवाय सुटणार नाही.

इकडून गाडी ठरवली. झालं की तसंच निघायचं. वाईला.

कळी दिसते आहे.

ज्येष्ठ वद्य २.

नाही म्हणवलं. तासभर बसले. ज — पर्यंत येतं, पुढे येत नाही. सगळ्या मुठी उघडल्या आहेत. उद्या.

गाडीवाल्याला थांबवून ठेवलं आहे.

ज्येष्ठ वद्य ३.

उठवत नाही. खुर्शीदबी भिंतीवर आली आणि रडत होती — तिचंही एक तिथे आहे म्हणे, आठ वर्षांपूर्वी. त्यांचं कब्रस्तान निराळं, पण पूर आला होता म्हणून — तिने विचारलं, माझा आहे का त्यात? मी काय सांगू? असेल. मी पाजलं असेल त्याला.

रांजण तडकला. मुळं बाहेर — ओसरीच्या पायरीपर्यंत —

इकडची स्वारी जेवत नाही. नुसती दाराशी बसून असते.

ज्येष्ठ वद्य ४. दुपार.

आज संपवायचं. कळी अर्धी उमलली आहे. वास येतो. फुलाचा नाही, जावळाचा.

रांजणाशी बसले आहे, वही मांडीवर. स्वारी ओसरीवर. गंगूबाई दारात, तोंडात पदर. गाडी बाहेर जुंपलेली. बैलाच्या घुंगरांचा आवाज येतो.

जीभ अडली की हात लिहितो. म्हणून आधी लिहीन, मग ते वाचून म्हणेन.

जा.

आलं लिहिता. जा. जा. अक्षर नीट आहे. इकडून पाहिलं तर शाबासकी —

नाव घेऊन म्हणायला हवं.

सगळे माझ्याकडे वळले. रडत नाहीत. तोंडं उघडी, आणि — वाट बघतात. एकच सांग रे, तू कोणता? तेवढंच सांग, मग म्हणते. शपथ म्हणते —

मधल्या फांदीवरचा. खालून दुसरा. तो वळला नाही. त्याचं तोंड मिटलेलं. आवळलेलं —

तोच. तोच आहे. तो अजून भुकेला आहे. सगळ्यांनी प्यायलं, त्याला एक थेंब — इतके दिवस मी दुसऱ्यांनाच —

स्वारी हाक मारते. हो, म्हणते. लिहिते. एकदाच.

चिंतू, बाळा,

ये